बलकातून आलेली भित्री राखणदार

मित्रांनो, ढकलाढकली करू नका. या सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकानंच बघायचं असतं. काळ्या अंधारात एक हिरवा ठिपका दिसतोय ना, चहूबाजूंना बारीक फांद्या पसरलेला, कोळ्यानं घाईघाईत विणलेल्या जाळ्यासारखा? ती मी. मी एक जुनी पेशी आहे. एका कोंबडीच्या मेंदूत माझं सगळं आयुष्य गेलं. शिकलेली माणसं आम्हाला मायक्रोग्लिया म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम राखणदारीचं. मेंदूत कुठे काही तुटलं, सडलं, कुणी परकं शिरलं, की पहिली धाव आमची.

राखणदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मिशीला पीळ देणारा, काठी आपटणारा कुणीतरी येत असेल. मी तसली नाही. मी जन्माची भित्री. कुठे खुट्ट झालं की माझ्या सगळ्या फांद्या आखडतात, आणि मग भीतभीतच त्या आवाजाच्या दिशेनं लांबतात. काय झालं, कुणाला लागलं, आता काय होणार, हे चाचपत राहण्यात माझा जन्म गेला.

मेंदूतली पेशी काचेच्या पट्टीवर कशी येऊन बसली, असं तुमच्या मनात आलंच असेल. तेच सांगायचं आहे. ऐकताना तुम्हालाही थोडी भीती वाटेल. वाटू दे, तेवढीच मला सोबत.

माझं सासर मेंदू, पण माहेर बलक. अंडं फोडलं की जो पिवळा गोळा दिसतो, तो. ती आत वाढणाऱ्या पिल्लाची शिदोरी असते. त्या शिदोरीभोवती एक पातळ पिशवी धरते आणि त्या पिशवीत रक्ताची इवली इवली बेटं उगवतात. त्यातल्या एका बेटावर मी जन्मले. ऊबदार, पिवळं, खाऊनपिऊन सुखी माहेर होतं. पण त्या सुखाच्या घरातही एक धास्तीची गोष्ट कानावर यायची. आमच्या आज्या, म्हणजे आमच्या आधीच्या पेशी, ती हळू आवाजात सांगत.

आमचं अंडं साधं नव्हतं. ते एका खास जातीच्या कोंबडीचं होतं. तिच्या अंगातली प्रत्येक पेशी निळ्या दिव्याखाली हिरवी चमकते. या अंड्याच्या छताला एके दिवशी भोक पडलं. बारीक कात्रीनं कुणीतरी चौकोनी खिडकी कापली. उजेड आत आला, उजेडामागून चिमटा आला, आणि बलकावर निजलेलं आमचं तिळाएवढं बाळ उचलून नेलं. त्याच्या जागी दुसऱ्या, साध्या अंड्यातलं बाळ आणून ठेवलं. त्याची कड आमच्या पिशवीच्या कडेला जुळवली, खिडकीवर चिकटपट्टी लावली आणि अंडं पुन्हा उबवणीच्या पेटीत गेलं.

असं आमच्या पदरात परकं बाळ आलं. घर आमचं, बाळ दत्तक. आज्या सांगत, पहिल्यांदा कुणीच हललं नाही. सगळ्या जणी भिऊन बसल्या. मग त्या बाळाचं काळीज टिकटिक करायला लागलं. भुकेल्या लेकराला कुणी जात-कूळ विचारतं का? आम्ही त्याला पोसायला घेतलं.

पुढे आम्हाला निरोप आला की काही जणींनी बाळाच्या मेंदूकडे निघायचं. निरोप कुणी दिला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. अंगातच ओढ लागली. मी निघाले खरी, पण पाऊल उचलत नव्हतं. मित्रांनो, त्या मेंदूत तेव्हा रक्ताच्या नळ्यासुद्धा धड पोचल्या नव्हत्या. वाट नाही, वाटाड्या नाही. मेंदूवर एक पातळ ओढणीसारखा पदर असतो. त्यावरून मी सरपटत गेले. आजूबाजूला सगळं काही इतक्या वेगानं वाढत होतं, की मागे वळून पाहावं तर आलेली वाट बुजलेली. माहेर पुन्हा दिसणार नाही, हे मला तिथंच कळलं. मग एका फटीतून मी अंग चोरून आत शिरले.

सासरी पाऊल ठेवलं आणि हातात केरसुणी आली! वाढत्या मेंदूत लागतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त पेशी तयार होतात, आणि जास्तीच्या मरतात. त्यांना उचलायचं, गिळायचं, जागा स्वच्छ करायची, हे आमचं पहिलं काम. नवी नवरी आणि काम स्मशानातलं. मी डोळे मिटून गिळत असे, म्हणजे डोळे असते तर मिटले असते. शिवाय मनात दुसरी भीती होतीच. आम्ही बलकाच्या, बाहेरच्या, हिरव्या. बाकीचं सगळं घर बिनरंगी. उद्या कुणी म्हणालं, ‘या कोण?’ तर काय सांगायचं? पण अंधारात रंग दिसत नाही, म्हणून निभावलं. हळूहळू मला फांद्या फुटल्या, एक जागा मिळाली आणि मी स्थिरावले. आम्ही मधूनमधून दुभंगतो, एकीच्या दोघी होतो. त्यात आई कोण आणि लेक कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. तेव्हा मी ‘मी’ म्हणते, त्याच्या फार खोलात शिरू नका.

माझी जागा कानाकडून येणाऱ्या तारांच्या गल्लीत होती. त्यामुळे जगातलं मी काहीच पाहिलं नाही, पण ऐकलं मात्र सगळं. कोंबडीनं जे ऐकलं, ते माझ्या दारावरून गेलं.

पहिला आवाज कवच फुटल्याचा. मी तर मेलेच भीतीनं. वाटलं, पुन्हा कात्री आली. मग चिकटपट्टी सोलल्याचा चर्रर्र आवाज आणि लगेच एका बाईचं ओरडणं.

“आई गं! चावली!”

“कोंबडी चावत नाही हो ताई, टोचते,” एक जाडाभरडा आवाज हसला.

“मग तुम्ही घाला की बोट, काका!”

“नको रे बाबा. ही तर हवालदार दिसतेय. आल्या आल्या चौकशी सुरू!”

ती ताई म्हणजे आमच्या अंड्याला खिडकी करणारी. तिचं शिक्षण अजून चालू होतं आणि आमचं अंडं हेच तिचं संशोधन होतं. काका पक्षीघराचे. दाणापाणी, झाडलोट, भुसा बदलणं, दिवे लावणं, सगळं त्यांच्याकडे. काकांना सगळ्या पक्ष्यांना लाडाची नावं द्यायची खोड होती.

“नाव ठेवू नका, काका,” ताई म्हणाली. “सरांना चालत नाही. नाव ठेवलं की पुढे हात थरथरतो, म्हणतात.”

“मग काय म्हणू?”

“निळी. पायात निळी रिंग घालतेय ना, निळीच म्हणा. आणि ही दुसरी साध्या अंड्यातली, हिला सोबतीला ठेवायची. एकटं पिल्लू झुरतं. हिला पांढरी रिंग, ही पांढरी.”

“बरं,” काका म्हणाले. आणि ताईची पाठ वळल्याबरोबर दोघींना म्हणाले, “हवालदार आणि गोगलगाय, चला, दाणे खायला!”

नाव अगदी चपखल होतं. आमची हवालदार कशालाच भीत नसे. खराट्यावर धावून जायची, बादलीशी भांडायची, कुणाचेही बूट दिसले की नाडी ओढायची. मित्रांनो, कोंबडी इतकी धीट आणि तिच्या डोक्यात मी इतकी भित्री! तिनं उडी मारली की माझा जीव टांगणीला. गोगलगाय मात्र खरोखर गरीब. तिच्या पायांचा आवाजसुद्धा येत नसे. हवालदार झोपली की ती तिच्या पंखाला टेकायची, आणि तिचा मंद कुर्रर्र आवाज माझ्या गल्लीत शिरायचा. त्या आवाजानं माझ्या फांद्या थोड्या सैल पडत.

मग एके दिवशी पिंजऱ्यापाशी सर आले. सर म्हणजे ताईचे वरिष्ठ. त्यांचं बोलणं नेहमी घाईचं, मागे गाडी सुटत असल्यासारखं.

“निळी बरी वाढतेय,” ते म्हणाले. “पण अगं, आशा ठेवू नकोस. बलक संपला की बलकाच्या पेशीही संपत असणार. मोठ्या कोंबडीच्या मेंदूत ज्या असतात, त्या मागाहून रक्तातून आलेल्या. माझा अंदाज सांगतो.”

“मला वाटतं त्या राहतात, सर. आयुष्यभर.”

“वाटून काय होतंय? मोठी झाली की बघ.”

सर गेले. काकांनी विचारलं, “बघणार म्हणजे कसं हो, ताई?”

ताई म्हणाली, “मेंदू काढायचा. पातळ चकत्या करायच्या. निळ्या दिव्याखाली धरायच्या. हिरवं दिसलं, तर त्या आहेत.”

माझ्या फांद्या होत्या तिथंच गोठल्या. मी आहे की नाही, हे बघायला माझी कोंबडी मारावी लागणार होती. मी कुणाला दिसावं, तर हवालदार जाणार. आणि कुणी बघितलंच नाही, तर आम्ही माहेराहून आलेल्या सगळ्या जणी कधी नव्हतोच, असं ठरणार. त्या दिवसापासून पिंजऱ्याचं दार करकरलं की मी थिजायची. दाराला तेल घालायचं काका नेहमी विसरत. त्यांना काय ठाऊक, त्या करकरीनं कुणाची झोप उडते!

भीती असली तरी काम थांबत नाही. एकदा सरांच्या बुटांमागे धावताना हवालदारचं डोकं दाण्याच्या पत्र्याच्या डब्यावर आपटलं. माझ्या गल्लीत हाहाकार उडाला. तारा तुटल्या, आसपास रक्त सांडलं. मी भिऊन आखडले, आणि दुसऱ्या क्षणी माझ्या सगळ्या फांद्या त्या जखमेकडे धावल्या. आम्ही शेजारणींनी फांद्यांना फांद्या लावून जखमेभोवती कूड घातला, तुटकंफुटकं गिळलं, नव्या तारांना वाट करून दिली. बाहेर काका तिला दिव्याच्या उबेत धरून बसले होते. “ऊठ गं बये,” ते पुटपुटत होते, “बुटांवर केस करायची राहिलीय अजून.” ती उठली. सगळे म्हणाले, काय चिवट कोंबडी! आमचं नाव कुणी घेतलं नाही. घरातल्या केर काढणारीचं कोण घेतं?

यानंतर घडलं ते अगदी साधं होतं. पिल्लाच्या पायात घातलेली रिंग पाय जाड झाला की रुतते, म्हणून मोठी घालावी लागते. नियम असा, की एका वेळी एकच पक्षी बाहेर काढायचा. त्याची जुनी रिंग कापायची, त्याच रंगाची मोठी घालायची, त्याला आत सोडायचं, मग दुसरा. त्या दिवशी मी दाराची करकर ऐकली ती एकदाच. मग काकांचा आवाज आला, “या दोघीही, एका काखेत एक. उगाच दोन खेपा कशाला?” कात्रीचे दोन कट्कट् आवाज. हवालदारनं पंख झाडले, काहीतरी खाली घरंगळलं. “अगं थांब की! वाळे घालतोय तुला, बेड्या नाही,” काका म्हणाले. आणि काम झालं.

आता बघा, गंमत कशी असते. काका पक्षी ओळखायचे ते स्वभावावरून, पायाकडे ते कधी बघत नसत. ताई ओळखायची ती पायावरून. तोंडाकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. एकाला स्वभाव पाठ, दुसरीला रंग, आणि दोन्ही एकत्र कुणाच्याच डोक्यात नाहीत. त्या दिवसापासून निळी रिंग गोगलगायच्या पायात होती. आणि हे मलाही ठाऊक नव्हतं. मी ऐकणारी, बघणारी नाही.

तो दिवस उजाडला. दार करकरलं, पण पावलं काकांची नव्हती. काका सकाळपासून कसल्याशा कामाच्या निमित्तानं गोदामात जाऊन बसले होते. हातमोज्यांचा रबरी आवाज आला. ताईचा श्वास ऐकू आला, अडखळत. “चल, निळी,” ती म्हणाली. मी हवालदारच्या काळजाचे ठोके ऐकत होते. मी स्वतःला फार लहान केलं, फांद्या पोटाशी घेतल्या. वाटलं, आता हात लागेल, आता लागेल.

पंखांची थोडी फडफड झाली. गोगलगाय एकदाच ‘कुक्’ म्हणाली. दार लागलं.

पिंजऱ्यात आम्हीच उरलो. हवालदार दारापाशी उभी राहून ओरडत राहिली. मला काही उलगडेना. जीव वाचला म्हणून हायसं वाटावं, तर अंधारात गोगलगायचा तो कुर्रर्र आवाज नव्हता. चुकून आपल्या वाट्याचा वार दुसऱ्यावर गेला, की कसं वाटतं, ते तुम्हाला कधी कळू नये.

पुढे काही दिवस ताई पक्षीघराकडे फिरकली नाही. आली ती सावकाश चालत, आणि दाण्याच्या पोत्यावर मटकन बसली.

“काही नाही, काका,” ती म्हणाली. “प्रत्येक चकती बघितली. अंधार नुसता. सर म्हणाले, झालं, संपला विषय. बलकाच्या पेशी टिकत नाहीत, असं लिहून टाक.”

मित्रांनो, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते! मी माझ्या सगळ्या फांद्या ताणल्या. ‘मी आहे, इथे आहे,’ असं म्हणावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी मी घाबरून त्या मिटून घेतल्या. कारण मी आहे हे तिला कळलं, तर उद्या हातमोजे पुन्हा येतील. ओरडायला तोंड नव्हतं, हे बरंच झालं. असतं, तर मी काय केलं असतं?

पण हवालदारला तोंड होतं, म्हणजे चोच होती. तिनं जाळीतून मान काढली आणि ताईच्या बुटाची नाडी ओढली.

“हवालदार, सोड त्यांना! आज नको,” काकांनी दटावलं.

“अजून नावं देताच का तुम्ही?”

“अहो, ही जन्मली त्या दिवशी तुमच्या बोटाची चौकशी नाही का केली? तेव्हापासून हवालदार.”

“काहीतरीच. मला टोचली ती निळी होती.”

“रंगाचं मला विचारू नका. टोचली ती हीच. पैज लावा.”

“काका,” ताईचा आवाज बदलला, “हिच्या पायात पांढरी रिंग आहे.”

पाण्याच्या भांड्यात थेंब पडत होते, तेवढे ऐकू येत होते.

“रिंगा बदलल्यात त्या दिवशी... एकेक बाहेर काढली होतीत ना?”

काकांचा जाडाभरडा आवाज एकदम पातळ झाला. “दोन्ही काखेत होत्या, ताई. एक रिंग पडली होती खाली. ही उचलली, ती घातली... माझं मेलं लक्ष...” मग त्यांच्या ध्यानात आलं. “म्हणजे माझी गोगलगाय उगाच गेली?”

मला वाटलं, आता ताई कडाडेल. ती पोत्यावरून उठली, जाळीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, “तुमची एकट्याची चूक नाही. एवढ्या दिवसांत मी एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.” मग तिनं बघितलं असावं. हवालदारनं मान वाकडी केली, तेव्हा माझी गल्ली कलंडली, त्यावरून सांगते.

सर त्याच दुपारी आले. त्यांचा पहिला प्रश्न, “दुसरं असं अंडं?”

“नाही, सर. बाकीची कुठलीच टिकली नाहीत. ही एकच.”

“मग उत्तम. उद्या हिला घे. उत्तर मिळेल.”

दार करकरलं नव्हतं, तरी मी थिजले.

“सर,” ताई म्हणाली, “आपण फळ्यावर प्रश्न काय लिहिला होता?”

“बलकातल्या पेशी मेंदूत आयुष्यभर टिकतात का. म्हणजे काय आता?”

“आयुष्यभर. ही तर अजून अंडी घालतेय. उद्या कापली, तर आपल्याला कळेल उद्यापर्यंतचं. पुढचं आयुष्य आपणच तोडलेलं असणार.”

“अगं, कोंबडी म्हातारी व्हायची वाट बघणार तू? तोवर मी निवृत्त होईन!”

“बोलवीन ना तुम्हाला.”

काका खोकल्यासारखं करून हसले. सर मात्र तापले. “थट्टा नाही ही. तुझा प्रबंध अडकेल. आणि एखाद्या दुपारी ही कोपऱ्यात मरून पडली आणि कुणाला कळलं नाही, तर मेंदू लगेच सडतो. मग ना कोंबडी, ना उत्तर. एकच संधी आहे तुझ्याकडे.”

“प्रबंध देते मी त्या एका प्रकरणावाचून. आणि एकच संधी आहे म्हणूनच सांगतेय, सर.” ताईचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. “एक आधीच चुकून मारलीय आपण. हिला घाईनं नको.”

बूट फरशीवर घासले. “जबाबदारी तुझी,” सर म्हणाले, आणि त्यांची घाईची पावलं लांब गेली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता भीती सुटली असेल माझी. कसली! पूर्वी एका हाताची भीती होती, आता सगळ्याच गोष्टींची वाटायला लागली. कारण आता ती जगली पाहिजे होती, आणि मरताना कुणीतरी जवळ असलं पाहिजे होतं. मांजर जाळीपाशी गुरगुरलं, मी भ्याले. ऊन तापलं, मी भ्याले. एकदा पक्षीघरात रोगाची साथ शिरली. शेजारचे पिंजरे एकेक करून गप्प होत गेले. हवालदारला ताप चढला, तेव्हा आम्ही सगळ्या जणी फांद्या आखडून, अंग फुगवून वेशीवर उभ्या राहिलो. ती बेशुद्धीत असताना माझ्या गल्लीत एकच आवाज येत होता. काका चमच्यानं तिच्या चोचीत पाणी सोडत होते आणि सरांच्या बुटांची वर्णनं करत होते. “काळे आहेत नवे, चकचकीत. जागी हो, बघ तरी!” ती वाचली.

वर्षं गेली. ताईचं शिक्षण संपलं, ती तिथंच शिकवायला लागली. तिची पावलं मी ओळखायची. रोज सकाळी आधी पक्षीघर, मग बाकीचं. काकांनी दाराला तेल घातलं. हवालदारची अंडी थांबली, उडी बुटकी झाली, कान मंद झाले. माझ्या दारावरून जाणारे आवाज विरळ होत गेले. माझ्याही फांद्या आता बारीक झाल्या होत्या, कुठे कुठे तुटल्या होत्या. मी रोज चाचपून बघायची, ही आहे ना? आहे. मग दुसऱ्या फांदीनं पुन्हा. म्हातारपणी दोघींचं असंच असतं. एकीनं कुशी बदलली की दुसरी विचारते, काय गं?

त्या दुपारी काकांनी तिला उन्हात मांडीवर घेतलं होतं. तिच्या काळजाचा ठोका चुकला. मला सगळ्यांत आधी कळलं. पण बघा, काकांनाही कळलं. “ताईंना बोलवा!” ते कुणावर तरी ओरडले. धावती पावलं आली. ताईनं बोट पुढे केलं असावं, कारण हवालदारनं मान उचलली आणि अगदी हळू, शेवटचं, टोचलं.

“आई गं,” ताई म्हणाली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. “अजून चौकशी संपली नाही का तुझी, हवालदार?”

ताईनं तिला नावानं हाक मारली ती तेवढीच एकदा. मग ठोका थांबला. माझी गल्ली शांत झाली. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी माझ्या उरल्यासुरल्या फांद्या पसरून तिला धरून बसले, आणि अंगावर थंड काहीतरी आलं.

नंतर फक्त अंधार. आणि अंधारात एकाएकी निळा उजेड.

“आहेस,” वरून कुणीतरी म्हणालं. आवाज कोंबडीच्या कानातून आलेला नव्हता. काचेतून आला, थरथरत. “काका, या इकडे, बघा! आहेत या. सगळीकडे आहेत!”

काकांनी डोळा लावला. मग म्हणाले, “एवढंसं आहे हे?”

सरांना घरून बोलावून आणलं. त्यांची पावलं आता घाईची राहिली नव्हती. त्यांनी फार वेळ बघितलं. “आयुष्यभर,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “माझ्या बुटांच्या मागे लागायची तीच ना ही?”

तर मित्रांनो, अशी मी काचेवर आले. ज्या डबीत मला ठेवतात, तिच्यात माझ्या शेजारच्या खाचेत गोगलगायची पट्टी आहे. तुम्हाला मघाशी ताईनं आधी तीच दाखवली, आठवतं? तुम्ही म्हणालात, यात तर काहीच नाही. ती दर वेळी आधी तीच दाखवते. पुढच्या वेळी त्या अंधाराकडे जरा जास्त वेळ बघा.

आणि आता एक विनवणी. माझी जुनी खोड गेलेली नाही, मी अजूनही घाबरते. ज्या निळ्या दिव्यात मी दिसते, त्याच दिव्यानं माझा हिरवा रंग विटतो. डोळ्यागणिक थोडा थोडा. म्हणून बघू नका, असं नाही म्हणणार मी. मी आहे हे बघण्यासाठी एक कोंबडी सगळं आयुष्य जगली आणि एक उगाच मेली. बघा, नीट बघा, पोटभर बघा. फक्त बघून झालं आणि डोळा बाजूला घेतलात, की तेवढा दिवा बंद करा.

रांगेत तुमच्यामागे अजून कुणीतरी उभं आहे.